अल्प खर्चाचा प्रवास आणि रात्रीचा निवारा

विलायतेचा प्रवास हा पैसेवाल्यांचा विषय, अशी समजूत पुष्कळांची असते तशी माझीहि होती. चिंचवडच्या एका मराठी शाळेंत चौतीस वर्षें शिकवून निवृत्त झालेल्या मॅट्रिक मास्तरानें इंग्लंड हिंडावें, आणि तेंहि तिकडे गेल्यावर मुलाच्या खिशास हात न लावतां, हें आमच्या आळींत कोणास खरें वाटलें नसतें. परंतु २०२३ सालच्या जून महिन्यांत माझी पत्नी व मी असे सोळा दिवस त्या देशांत हिंडलों, आणि त्यांतील अकरा रात्री यूथ होस्टेल या नांवाच्या वसतिगृहांतून काढल्या. (विमानाचें भाडें मुलानें दिलें, तें नाकारण्याइतका मी मानी नाहीं.) त्या प्रवासाची हकीकत सांगावी म्हणून आज आपल्यापुढें बोलत आहें. ती सांगतांना मला आपल्याच मुलखांतील एका पावसाळी रात्रीचीहि गोष्ट सांगावी लागेल. त्यांत मला फारसा आनंद नाहीं. परंतु ती वगळली तर बाकीचें सारें केवळ प्रवासवर्णन होईल, आणि विलायतेचीं प्रवासवर्णनें आपण पुष्कळ ऐकलीं आहेत.

आमचा मुलगा चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यांत होता; तेथून तो इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें नोकरीस गेला. आम्हीं वसतिगृहांत उतरण्याचा बेत सांगितला तेव्हां तो ओशाळला. "बाबा, होस्टेल म्हणजे पोरांचें काम. या वयांत तुम्ही दुमजली खाटेवर चढणार? आणि बायकांची खोली वेगळी असते, आईला एकटीला परक्या बायकांत राहावें लागेल," असें तो म्हणाला. मी उत्तर शोधीत होतों, तोंच माझी पत्नी म्हणाली, "आळंदीच्या धर्मशाळेंत मी शंभर बायकांत झोपलें आहें. तेथें सहाच आहेत ना?" प्रश्न तेथेंच मिटला.

या वसतिगृहांची संस्था इंग्लंडांत १९३० सालीं निघाली. ट्रेव्हेल्यन हे प्रसिद्ध इतिहासकार तिचे पहिले अध्यक्ष होते. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स अशा गिरण्या-कारखान्यांच्या शहरांतील तरुण मजुरांना आणि कारकुनांना आठवड्याच्या सुटींत डोंगरावर जातां यावें, आणि रात्रीं पाठ टेकण्यास जागा नाहीं म्हणून त्यांना संध्याकाळच्या गाडीनें परतावें लागूं नये, एवढाच मूळचा हेतु. एका रात्रीस एक शिलिंग भाडें असे. येणारानें पायीं किंवा सायकलवरून यावें, मोटारीनें येऊं नये. अंथरावयाची चादर शिवून पिशवीसारखी करून बरोबर आणावी. आणि सकाळीं निघण्यापूर्वीं झाडणें, भांडीं घासणें, कोळसा आणणें यांपैकीं नेमून दिलेलें एक काम करून मगच बाहेर पडावें, असा शिरस्ता होता. आतां तो राहिला नाहीं. मोटारी येतात, चादर संस्थाच देते, झाडणारी माणसें पगारी आहेत. आणि 'यूथ' हा शब्द नांवांत असला तरी वयाची अट नाहीं. आमच्या खोलींतील एक गृहस्थ ऐंशीच्या घरांत होते व वरच्या खाटेवर माझ्यापेक्षां झटकन् चढत.

खर्चाचें थोडक्यांत सांगतों, कारण ऐकणाऱ्यांस तेंच आधीं हवें असतें. सामाईक खोलींतील एका खाटेस आम्हीं वीस पौंडांच्या आंतबाहेर दिले; साधें हॉटेल याच्या कित्येक पट पडतें. साठ वर्षांवरील माणसास तेथें आगगाडीचें वार्षिक सवलतीचें कार्ड मिळतें, तें परदेशच्या पाहुण्यासहि घेतां येतें, आणि त्यावर बहुतेक भाड्यांत तिसरा हिस्सा सूट असते. इंग्लंडांतील बहुतेक बसगाड्यांचें एका वेळचें भाडें त्या वर्षीं दोन पौंडांहून अधिक घेत नसत. २०२५ पासून ती मर्यादा तीन पौंड झाली आहे. मोठीं राष्ट्रीय संग्रहालयें फुकट आहेत. नळाचें पाणी बिनधास्त प्यावें. बाटली विकत घेणें हा तेथें शुद्ध अपव्यय होय. आणि जेवण स्वतः करावें. बहुतेक वसतिगृहांत पाहुण्यांसाठीं वेगळें स्वयंपाकघर असतें. शेगडी, पातेलीं, ताटल्या, सारें सामाईक. आपलें झालें कीं घासून पुसून जागेवर ठेवावें. आम्हीं तांदूळ, मूगडाळ, मेटकूट आणि बेसनाचे लाडू यांवर निम्मे दिवस काढले.

या स्वयंपाकानें एकदां आमची फजीती केली. कोणतें गांव तें सांगत नाहीं. पिठल्याची फोडणी जरा खमंग झाली, धूर छताशीं गेला, आणि सबंध इमारतींत आगीची घंटा वाजूं लागली. नियमाप्रमाणें सर्व पाहुणे हिरवळीवर जमा झाले. कोणी टॉवेल गुंडाळलेले, कोणी अनवाणी. आम्हीं दोघांनीं प्रत्येकाची माफी मागितली. व्यवस्थापक बाई खिडक्या उघडून परत आल्या आणि त्यांनीं एवढेंच विचारलें, "तें शिजलें कीं नाहीं अजून?" त्या रात्रीं पिठलें सात जणांनीं खाल्लें. त्यांतल्या एका आयरिश मुलानें त्यांत साखर घालून खाल्लें, तें मात्र पाहवलें नाहीं.

शहरांतील वसतिगृहांविषयीं माझें मत फारसें अनुकूल नाहीं. लंडनमध्यें आम्ही यूस्टन स्टेशनच्या बाजूस तीन रात्री राहिलों. सोय चांगली, पण तेथें प्रत्येक जण आपल्या यंत्रांत डोकें घालून बसलेला. स्वस्त खोली यापलीकडे तिला अर्थ नाहीं. तेथून मात्र आम्ही एका घरापर्यंत तासभर चालत गेलों. प्रिमरोज हिलनजीक किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचें तें घर. १९२१-२२ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथें राहत असत. महाराष्ट्र सरकारनें तें २०१५ सालीं विकत घेतलें, आणि आतां तेथें त्यांचें स्मारक आहे. लंडनांतील त्या दिवसांत भाड्याच्या जागेंत अपुरें जेवण मिळे, दिवस ग्रंथालयांत जाई, रात्रीं भूक लागली कीं तळलेल्या पापडांवर भागवावें लागे, असें त्यांच्या चरित्रांतून आपण वाचलें आहे. परदेशांत काटकसरीनें राहणें ही आमच्यासारख्यांना सोळा दिवसांची मौज होती. त्यांना ती वर्षानुवर्षांची गोष्ट होती. जिन्यावरून उतरतांना माझ्या पत्नीनें पिशवींतला मेटकुटाचा डबा पदराखालीं झांकून घेतला. कां, तें मीं विचारलें नाहीं.

खरें इंग्लंड मला दिसलें तें कॅसल्टन येथें. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मध्यें डोंगराळ मुलूख आहे, त्याला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. रेल्वे दोन्ही शहरांना जोडीत त्यांतून जाते. होप या लहानशा स्टेशनावर उतरून आम्ही गांवाकडे चाललों. वसतिगृह म्हणजे एका धनिकाची जुनी कोठी. तीत आतां शाळेचीं मुलें तुकड्यातुकड्यांनीं येऊन राहतात. तेथें एक खोली अशी होती कीं तिचा मला हेवा वाटला. तिच्यांत उष्ण हवा खेळविलेली असते आणि दोऱ्यांवर पावसांत भिजलेले कोट, मोजे, बूट वाळत असतात. मुलांना डोंगरावर न्यावयाचें म्हणजे तीं भिजणार, हें ज्यांनीं आधींच धरून चाललें आहे त्यांनाच अशी खोली सुचते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मॅम टॉर या टेकडीवर गेलों. उंची ५१७ मीटर. आपल्या डोंगरांपुढें कांहींच नव्हे. वाट लोकांच्या खाजगी शेतांतून आणि मेंढ्यांच्या कुरणांतून जाते. दगडी गडग्याला पायऱ्या केलेल्या, फाटकाला कडी. कडी पुन्हा लावावी एवढीच अपेक्षा. शेत कोणाचेंहि असो, वाट सर्वांची, आणि अशा वाटा सरकारी नकाशावर नोंदलेल्या असतात. हें सुखासुखीं मिळालेलें नाहीं. टेकडीवरून समोर दरीपलीकडे किंडर स्काउटचें लांबलचक पठार दिसतें. तें जमीनदारांनीं शिकारीच्या पक्ष्यांसाठीं राखून ठेवलें होतें. २४ एप्रिल १९३२ रोजीं मँचेस्टरकडील चारएकशें तरुण, बहुतेक कामगार, मनाई मोडून तेथें चढले, आणि त्यांतील पांच जणांना तुरुंगांत जावें लागलें. पुढें १९४९ मध्यें पायवाटांचा कायदा झाला व १९५१ मध्यें हाच पीक डिस्ट्रिक्ट त्या देशाचें पहिलें राष्ट्रीय उद्यान ठरला. कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसानें डोंगरावर चालण्यासाठीं तुरुंग पत्करावा, ही गोष्ट पिंपरी-चिंचवडच्या मास्तराच्या मनांत घोळत राहिली तर त्यांत नवल नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पाऊस लागला व आम्ही बाहेर पडलों नाहीं. बैठकीच्या खोलींत पुस्तकांचें एक कपाट होतें. त्यांतून वसतिगृहांच्या चळवळीचा इतिहास सांगणारें एक पुस्तक घेऊन मी शब्दकोशाच्या मदतीनें वाचीत बसलों. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. परंतु त्या पुस्तकाच्या पहिल्या पंचवीस पानांना शब्दकोशाची गरज फारशी पडली नाहीं.

ही कल्पना मुळांत इंग्रजांची नव्हे. जर्मनींत आल्टेना या कारखान्यांच्या गांवीं रिचर्ड शिरमान नांवाचा एक शाळामास्तर होता. धूर आणि चाळी यांत वाढणाऱ्या मुलांना तो रानावनांतून पायीं हिंडवीत असे. २६ ऑगस्ट १९०९ रोजीं त्याच्या मुलांना वादळी पावसानें गांठलें. एका खेड्यांतील शाळेचा वर्ग त्यांना मिळाला. कोणीतरी गवत दिलें, तें पसरून मुलें झोपलीं. बाहेर विजा कडाडत होत्या, आणि मास्तर जागाच होता. सुटींत शाळा रिकाम्या असतात. एकेका दिवसाच्या चालीवर एकेक शाळा अशी उघडी मिळाली तर? हा विचार त्या रात्रींचा. १९१२ मध्यें आल्टेनाच्या किल्ल्यांत पहिलें कायमचें वसतिगृह उघडलें, आणि तेथून तें लोण देशोदेशीं गेलें.

हें वाचून मीं पुस्तक मिटलें, आणि पत्नीला म्हणालों, "चहा घेऊं." याहून अधिक त्या वेळीं मला बोलवलें नाहीं.

ती गोष्ट १९९४ सालची. माझ्या वर्गांत कारखान्यांतील कामगारांचीं मुलें होतीं. कोणाचा बाप साताऱ्याकडचा, कोणाचा मराठवाड्याचा, कोणाचा थेट बिहारचा. गांव सुटलेलें, आणि नवीन गांव म्हणजे क्वार्टर, शाळा व बाजार. तळवड्याच्या बाजूस उभें राहिलें कीं ज्या भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकाराम महाराज चिंतनाला बसत तो डोंगर दिसतो. पण वर्गांतील एकेचाळीस मुलांपैकीं चौघेच तेथें गेलेले निघाले. श्रावणांतल्या एका शनिवारीं मीं त्या सर्वांना नेलें. डोंगर पाहून उतरलों आणि पायथ्याशीं असतांना पाऊस कोसळूं लागला. ओढ्याला पूर आला, वाट बंद झाली. जवळच्या खेड्यांत शाळा होती, पण तिला कुलूप होतें, आणि किल्ली असलेले गुरुजी तालुक्याच्या गांवीं राहत होते. एकेचाळीस मुलें आणि मी, अशी ती रात्र आम्हीं शाळेच्या अरुंद व्हरांड्यांत काढली. गांवकऱ्यांनीं भाकरी दिल्या, पोतीं दिलीं. त्यांच्या परीनें त्यांनीं कांहीं कमी केलें नाहीं. कुलूप फोडावें असें एकानें सुचविलें. मीं नको म्हटलें. मुलें कुडकुडत होतीं, आणि खिडकींतून आंत कोरडी जमीन दिसत होती.

घरोघर आईबाप रात्रभर तळमळत होते. निरोप पोंचविण्यास साधन नव्हतें. दोन मुलांना ताप भरला. पुढच्या आठवड्यांत पालकांची सभा झाली, तीत मीं लेखी खुलासा दिला. कोणी मला अन्यायानें वागविलें असें मी म्हणत नाहीं. मला त्यानंतर मुलांना मुक्कामाला नेण्याची बंदीहि कोणीं केली नाहीं. ती मींच स्वतःवर घातली, आणि निवृत्तीपर्यंत पाळली. जर्मनींतील त्या मास्तरावर जो पाऊस पडला तोच माझ्यावर पडला. त्यानें जगाला वसतिगृह दिलें. मीं खुलासा लिहिला.

कोणी म्हणेल, आपल्याकडे धर्मशाळा आहेतच कीं. आहेत, आणि त्यांचें मोल मी जाणतों. देहूस आणि आळंदीस अल्प मोबदल्यांत किंवा फुकट पाठ टेकतां येते; ज्ञातीज्ञातींनीं, दिंड्यादिंड्यांनीं बांधलेल्या त्या वास्तूंनीं गरिबाला पिढ्यान्पिढ्या तीर्थयात्रा घडविली आहे. तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्कामाला येते तेव्हां आमच्या भागांतील शाळांचे वर्गहि दिंड्यांसाठीं उघडले जातात; एका वर्षीं फळ्यावर 'कृपया हें गणित पुसूं नये' अशी चिठ्ठी मीं लावली होती, आणि वारकऱ्यांनीं तें खरोखर पुसलें नव्हतें. म्हणजे शाळेंत माणसें झोपूं शकतात, सकाळीं वर्ग झाडून देऊं शकतात, हें आम्हांला ठाऊक आहे. प्रश्न एवढाच कीं वर्षांतून एक दिवस वारकऱ्याला जें मिळतें तें दिवाळीच्या सुटींत कामगाराच्या मुलाला कां मिळूं नये? तो कांहीं देवाला निघालेला नसतो. बेडशाचीं लेणीं, लोहगड, चाकणचा संग्रामदुर्ग पाहावयास निघालेला असतो. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें जो किल्ला शाइस्तेखानाशीं दोन महिन्यांच्या जवळपास लढविला, त्याच्या बुरुजापासून हांकेच्या अंतरावर राहणारें मूल तो परीक्षेपुरता पाठ करतें.

इंग्लंडांतहि सारें आलबेल आहे असें नव्हे. आम्ही तेथें गेलों त्याच वर्षीं त्या संस्थेनें, खर्च झेपत नाहीं म्हणून, आपलीं वीस वसतिगृहें विकावयास काढलीं. एका म्हाताऱ्या गृहस्थानें मला त्या यादींतील एक नांव दाखविलें. तेथें तो अठराव्या वर्षीं प्रथम सायकलवरून गेला होता. स्वस्त खाट ही एकदां मिळाली म्हणजे कायमची मिळाली असें समजूं नये.

लेक डिस्ट्रिक्ट आणि यॉर्क यांचें वर्णन मी करीत नाहीं. तीं स्थळें सुंदर आहेत आणि त्यांचीं चित्रें सर्वत्र मिळतात. अँबलसाइडला मुलगा रजा काढून दोन रात्रींसाठीं आला व माझ्या वरच्या खाटेवर झोपला. दिवे मालवल्यावर त्यानें हळूच विचारलें, "बाबा, लहानपणीं तुम्ही आम्हांला कोठें कां नेलें नाहीं?" पैसे नव्हते, असें मीं सांगितलें. तें अर्धेंच खरें होतें.

परत आल्यावर वर्षभर माझें एकच काम चाललें होतें. २०२४ च्या दिवाळीच्या सुटींत भंडाऱ्याजवळच्या एका खेड्यांतील शाळेनें मला दोन वर्ग एका रात्रीसाठीं दिले. त्यासाठीं शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामपंचायतीचें पत्र, पालकांचीं संमतिपत्रें, दोन स्त्री-शिक्षिकांची सोबत, असे कागद जमवावे लागले; त्यांची फाइल माझ्या विलायतच्या फाइलीहून जाड झाली. सतरा मुलें आलीं. चिंचवडहून लोकलनें पांच रुपयांत देहूरोड, तेथून पायीं देहू, इंद्रायणीकांठीं जेवण, आणि दुपारीं भंडारा. प्रत्येकानें सतरंजी, चादर, ताटली व वाटी आणली होती. शिधा गांवांतूनच घेतला. दोन दिवसांचा सारा खर्च माणशीं एकशें ऐंशी रुपये आला.

सोबत एक पालक होता. चाकणला एका कारखान्यांत तो जोडणीचें काम करतो. त्याची मुलगी सातवींत आहे. १९९४ च्या त्या एकेचाळीस मुलांतला तो एक, हें मला तेथें गेल्यावर कळलें. "गुरुजी," तो म्हणाला, "त्या रात्रीं तुम्हीं भुताच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मीं त्या हिला कितीदां तरी सांगितल्या आहेत." मला एकहि गोष्ट आठवेना. मला कुलूप आठवत होतें, आणि तापानें फणफणलेलीं दोन पोरें. त्यांपैकीं एकाची आई पुढें मला भाजी बाजारांत भेटे आणि मान फिरवून जाई. तिचें चुकलें असें आजहि मला वाटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं भामचंद्राच्या डोंगरावर गेलों. तेथेंहि तुकोबा बसत असत, अशी परंपरा आहे. वरून खालीं चाकणच्या बाजूस कारखान्यांचीं निळीं-पांढरीं छपरें लांबवर पसरलेलीं दिसतात. मुलें लेणें पाहावयाचें सोडून बापाचा कारखाना कोणता यावरून भांडूं लागलीं. मीं त्यांना भांडूं दिलें.

निघण्यापूर्वीं सकाळीं वर्ग झाडण्याचा प्रश्न निघाला होता. मुलग्यांनीं मुलींकडे पाहिलें. म्हणून मीं चिठ्ठ्या टाकल्या आणि केरसुणी दोघां मुलग्यांच्या वांट्यास आली. त्यांना झाडतां येत नव्हतें. एकानें केर सारा दाराशीं आणून तेथेंच सोडला, दुसऱ्यानें तो पुन्हा आंत ढकलला. पाऊण तास लागला. मग मुख्याध्यापिका बाईंनीं दोन्ही वर्ग पाहिले, बांकें मोजलीं, वहींत माझी सही घेतली, आणि साडेआठ वाजतां मीं किल्ली त्यांच्या हातांत परत दिली. मे महिन्याच्या सुटीसाठीं अर्ज कधीं करावा, तें विचारावयास मी विसरलों नाहीं. "आतांच लिहून द्या," असें त्या म्हणाल्या, तेव्हां एका मुलाच्या वहींतलें पान फाडून घेतलें आणि तेथेंच व्हरांड्यांत बसून अर्ज लिहिला.